मुंबई ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

तिकिटावर मुंबईहून दुपारी दोनला प्रस्थान आणि त्याच दिवशी सायंकाळी साडेसहाला लंडनला आगमन असे छापलेले पाहून प्रवास साडेचार तासांचा असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात तो दहा तासांचा आहे, कारण तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते.

अंतरासाठी सपाट नकाशावर पट्टी ठेवू नये. मुलांच्या अभ्यासासाठी घरी आणलेला पृथ्वीगोल घ्यावा आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरावा. गोलाचा व्यास 30 सेंटिमीटर असेल, तर दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर. मुंबई–लंडन दोरा 17 सेंटिमीटर भरतो, म्हणजे अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. न्यूयॉर्कसाठी हाच दोरा अरबस्तान आणि भूमध्य समुद्रावरून न जाता थेट आइसलँडपर्यंत वर चढतो आणि सुमारे 12,500 किलोमीटर भरतो. पृथ्वी गोल आहे हे वाक्य लहानपणी पाठ केलेले असले, तरी त्याचा अर्थ हाती दोरा धरल्यावरच उमगतो.

आता वेळ. मोठे प्रवासी विमान ताशी सुमारे 900 किलोमीटर वेगाने उडते, म्हणून 7,200 किलोमीटरला आठ तास लागावेत. मात्र उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. समोरून ताशी 60 किलोमीटरचा वारा धरला, तर जाताना वेग 840 वर उतरतो आणि साडेआठ तास लागतात. परतताना तोच वारा पाठीशी असल्याने साडेसात तास पुरतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि मार्गातील वळसे मिळवले, की जाण्यास सुमारे दहा आणि येण्यास सुमारे नऊ तास होतात. एखाद्या देशाने आपले आकाश बंद केल्यास वळसा आणखी वाढतो. 2019 मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद असताना हे घडले होते.

तिकिटावरून वेळ काढायचा असल्यास दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणाव्यात. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. वरच्या उदाहरणात, हिवाळ्यात, लंडनचे साडेसहा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे बारा. दुपारी दोनपासून मोजल्यास दहा तास भरतात.

सर्वांत जपावे ते मध्यरात्रीनंतरच्या विमानांना. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे रात्री दीड वाजताचा प्रवास मनाने आदल्या दिवसातच मोजला जातो. विमान कंपनीची तारीख मात्र रात्री बारालाच बदललेली असते. तिकिटावर 15 तारखेचे दीड असेल, तर 14 तारखेच्या रात्री साडेदहापर्यंत सहारच्या टर्मिनल दोनवर पोहोचावे. डोंबिवली किंवा विरारहून निघणाऱ्यांनी सायंकाळच्या गर्दीचा विचार करून त्याहून किमान दोन-अडीच तास आधी घर सोडावे, आणि वयस्कर माणसे सोबत असतील तर आणखी लवकर.