कोकणच्या पुळणीवर धातूच्या वस्तू आणि बुडालेली जहाजे शोधताना

मेटल डिटेक्टर घेऊन किनाऱ्यावर निघणारा नवखा माणूस आधी यंत्राच्या किमतीचा विचार करतो आणि वाळूचा नंतर. कोकणात हा क्रम उलटा ठेवावा लागतो. रत्नागिरी परिसरातील अनेक किनाऱ्यांवर इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे असलेली काळी वाळू आहे, आणि त्यातच खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच वीजवाहक असते. त्यामुळे एकाच वारंवारतेवर चालणारे स्वस्त यंत्र ओल्या पट्ट्यात शिरताच काहीही नसताना सतत किरकिरू लागते. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे यंत्र हा त्यावरचा बरा उपाय होय. पल्स इंडक्शन, म्हणजे थांबून थांबून चुंबकीय झटके देण्याच्या, पद्धतीचे यंत्र खारेपणाला आणि काळ्या वाळूला फारसे दाद देत नाही, परंतु लोखंड आणि सोने यांच्यात भेदही करू शकत नाही, म्हणून प्रत्येक गंजक्या खिळ्यासाठी खणण्याची तयारी ठेवावी लागते. पहिल्यांदा कोरड्या वाळूत यंत्र स्थिर करून घ्यावे, मग संवेदनशीलता कमी करत ओल्या पट्ट्यात उतरावे. सगळा आवाज बंद होईपर्यंत ती कमी करण्याचा मोह टाळलेला बरा, कारण त्याबरोबर खोलवरचे संकेतही जातात.

वेळ ठरवण्यासाठी भरती-ओहोटीचे छापील तक्ते मिळतात, तरी कोळ्यांचा जुना हिशेब अजूनही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला हाच हिशेब सव्वाअकरावर येतो, म्हणून उधाणाच्या दिवसांतील सर्वांत खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या आसपास लागते. शोधासाठी हीच वेळ उत्तम, कारण एरवी पाण्याखाली असणारा पट्टा त्या वेळी उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरेसे मागे हटत नाही, तेव्हा घरी बसून यंत्राची बॅटरी चार्ज करावी. हा हिशेब मुंबईच्या आसपास बराच जुळतो. दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी लवकर येते आणि तिचा चढउतारही कमी होतो, त्यामुळे मालवणला किंवा गोव्यात तक्ताच पाहावा.

ऋतूचाही विचार हवा. पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळण कापून वाळू समुद्रात ओढून नेतात आणि ऑक्टोबरपासून पुढे शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. याचा अर्थ असा की पाऊस ओसरल्यानंतर, वाळूचा नवा थर चढण्यापूर्वीचे काही आठवडे सर्वांत फलदायी असतात. त्या काळात खालचा चिखलाचा किंवा जांभ्याचा कठीण थर जागोजाग उघडा पडलेला असतो आणि जड वस्तू त्याच्यावर येऊन थांबतात. सपाट पुळणीवर भटकण्याऐवजी जिथे लाटांनी वाळूला उभा काप दिला आहे, जिथे शंख-शिंपले आणि गोटे एका ओळीत साचले आहेत, किंवा जिथे खडकाच्या आडोशाला पाण्याचा वेग मोडतो, अशा जागा निवडाव्यात. एकाच जागी शिशाची वजने, खिळे आणि नाणी मिळू लागली तर समुद्राने तिथे जडपणानुसार वस्तू वेगळ्या केल्या आहेत असे समजावे आणि तो पट्टा ओहोटी संपेपर्यंत सोडू नये. अनंत चतुर्दशीनंतर विसर्जनाच्या किनाऱ्यांवर हरवलेले दागिने मिळण्याची शक्यता वाढते, पण तिथल्या गर्दीत आणि मूर्तींच्या अवशेषांत यंत्र फिरवणे औचित्याला धरून नाही. दोन-तीन उधाणे जाऊ द्यावीत.

लोखंड वगळण्याची सोय वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सध्याची एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची आहेत, त्यामुळे यंत्र त्यांना लोखंड समजून गाळून टाकते. बहुतेकांना त्याचे दुःख होत नाही. चांदी समुद्रात काळी पडते, तांबे हिरवे होते, शिसे पांढुरके दिसते आणि सोने मात्र जसेच्या तसे चमकते. शिवराईसारखे जुने तांब्याचे नाणे बहुधा हिरवट, कडा झिजलेल्या चकतीच्या रूपात हाती येते. ते अंगठ्याने घासू नये, कारण अक्षरे बहुधा त्या हिरव्या थरातच उरलेली असतात.

खणण्यासाठी भोके असलेले पोलादी खोरे घ्यावे, म्हणजे वाळू गळून वस्तू आत राहते. प्रत्येक खड्डा लगेच बुजवावा. भरतीच्या रेषेच्या वर मात्र नोव्हेंबर ते मार्च या काळात खणूच नये: वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे तिथे अंडी घालतात आणि ती वरून दिसत नाहीत.

आता कायद्याकडे वळू, कारण छंद इथेच अडचणीत येतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर तिचे स्वरूप, सापडल्याचे ठिकाण आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याचा वाटा तर जातोच, शिवाय शिक्षाही होऊ शकते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा लागू होतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत, हे परदेशातून सुटीला येणाऱ्या मराठी मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा यांसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या परिसरात यंत्र बाहेरच काढू नये. जहाजातून वाहून आलेला माल बेवारस दिसला तरी बेवारस नसतो. नौवहन कायद्याप्रमाणे त्याची खबर रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याकडे जावी लागते, आणि ती बंदर कार्यालयामार्फत देता येते. नव्या अंगठीची किंवा मंगळसूत्राच्या वाटीची नोंद जवळच्या पोलीस ठाण्यात करावी. खाते कोणतेही असो, निघण्यापूर्वी सागरी पोलिसांना आणि ग्रामपंचायतीला कल्पना देणे शहाणपणाचे ठरते, कारण २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर या किनाऱ्यावर हेडफोन लावून संध्याकाळी वाळू उकरणारा अनोळखी माणूस सहज संशयास पात्र ठरतो.

काही वस्तूंना हात लावायचाच नसतो. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' जहाजाची टक्कर झाली तेव्हा समुद्रात पडलेल्या कंटेनरांमध्ये कीटकनाशकेही होती. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला भरकटत आलेल्या नौकेत रायफली सापडल्या. आणि पुढच्याच वर्षी दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे वाहून आली. सीलबंद डबा, नळकांडे किंवा पाकीट दिसले की दूर उभे राहून सागरी पोलिसांना १०९३ वर किंवा तटरक्षक दलाला १५५४ वर कळवावे.

बुडालेल्या जहाजांचे दोन प्रकार मानावेत: किनाऱ्याला लागलेली आणि पाण्याखालची. गोव्यात कांदोळीपाशी ६ जून २००० रोजी रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' सुमारे बारा वर्षे तिथे राहिले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलेले 'बसरा स्टार' पाहायला नंतरही लोक आठवणीने जात राहिले. अशा सांगाड्यावर चढू नये. पत्रा गंजून कागदासारखा झालेला असतो, आणि लाटा सांगाड्याच्या कडेची वाळू सतत उकरत असल्याने गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस एका पावलात छातीभर पाण्यात जातो. दुरून, ओहोटीला, त्याच जागेवरून दर महिन्याला छायाचित्र काढत राहिल्यास वाळूची हालचाल कळते आणि पुढच्या फेरीत कुठे यंत्र फिरवावे हेही कळते.

पाण्याखालची जहाजे कुठे आहेत हे नकाशापेक्षा तांडेल (होडीचे प्रमुख) आणि रापणकर (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे) चांगले सांगतात, कारण त्यांचे जाळे तिथे अडकलेले असते. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे समुद्रनकाशे त्यांच्या माहितीशी ताडून पाहावेत. तिथे उतरण्यासाठी किमान १८ मीटरपर्यंतचे पाणबुड्याचे प्रमाणपत्र, अनुभवी जोडीदार आणि जाळे कापण्याजोगी सुरी हवी. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, म्हणून ऑक्टोबर ते मे हाच काळ धरावा. जहाजाच्या आत शिरणे हे वेगळ्या प्रशिक्षणाचे काम आहे. आणि 'रामदास' बोटीसारख्या ठिकाणी, जिथे १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे जाणारी सहाशेहून अधिक माणसे गेली, तिथे हौसेने काही उचलणे मला तरी असभ्य वाटते.

जागेवरच ठेवलेली वस्तू किती बोलते याचा दाखला गोव्यात मिळतो. सुंची रीफ या पाण्याखालच्या खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी आणि मर्तबानी (ब्रह्मदेशातील मर्तबान बंदराच्या नावाच्या) रांजणांचे तुकडे एकत्र मिळाले, आणि या मिश्रणावरूनच ते सतराव्या शतकातले पोर्तुगीज व्यापाराचे जहाज असावे हे ठरवता आले. सेंट जॉर्ज रीफवर, कौलांचे कारखाने चालवणाऱ्या बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ हे साल उमटलेले होते, म्हणजे ते जहाज त्यापूर्वी बुडालेले असणे शक्य नव्हते. यातले एखादे कौल कुणी दिवाणखान्यासाठी उचलून नेले असते तर उरलेल्या ढिगाचे वय सांगणारा पुरावाच गेला असता. म्हणून पाण्याखाली दिसलेल्या वस्तूची पट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, खोली आणि जीपीएसचे आकडे लिहावेत आणि ती माहिती संस्थेला किंवा पुरातत्त्व खात्याला पाठवावी.

किनाऱ्यावर मिळालेले लोखंड मात्र लगेच सांभाळावे लागते. समुद्रातून आलेल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात. ते उन्हात वाळवले की काही दिवसांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात. खबर देऊन उत्तर येईपर्यंत अशी वस्तू लिटरमागे सुमारे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या गोड्या पाण्यात, झाकण असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात बुडवून ठेवावी, पाणी अधूनमधून बदलावे आणि डब्यावर ठिकाण, तारीख व तिथी लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.