राउटरचा अँटेना: आटे बसले म्हणजे जोडणी झाली असं नाही

बाहेर अँटेना लावूनही सिग्नल जिथल्या तिथे असेल, तर बूस्टर शोधण्याआधी कनेक्टर सोडवा आणि त्याच्या मध्यभागी बघा.

अँटेना जोडायचे दोन कनेक्टर असतात, एसएमए आणि आरपी-एसएमए; त्यांचे आटे हुबेहूब सारखे असतात, फरक फक्त मधल्या पिनचा. वायफाय राउटरवर बहुधा आरपी-एसएमए असतो: बाहेर आटे, मध्ये पिन. सिमवाल्या 4जी राउटरवर बहुधा साधा एसएमए: बाहेर आटे, मध्ये भोक. वायफायच्या अँटेनालाही मध्ये भोकच असतं. तो 4जी राउटरवर फिरवला की घट्ट बसतो, पण भोकासमोर भोक येतं आणि मधली तार कुठेच टेकत नाही. टॉवर जवळ असेल तर तरीही थोडाफार सिग्नल मिळतो, म्हणूनच लोक फसतात. मग पाइप उंच करतात, जास्त डीबीआयचा, म्हणजे सिग्नल जास्त पकडणारा महाग अँटेना आणतात, शेवटी सिमही बदलतात. उलटी चूक आणखी वाईट: पिनवर पिन येते, जोर लावला की मधली पिन वाकते किंवा आत ढकलली जाते आणि राउटरचं सॉकेट कामातून जातं.

खरेदीआधी टॉर्च मारून सॉकेटचा फोटो काढा आणि दुकानदाराला तोच दाखवा. ‘मेल-फीमेल’ या वर्णनावर विसंबू नका, ऑनलाइन दुकानांत ते सर्रास उलटं लिहिलेलं असतं. आणि कनव्हर्टरला कनव्हर्टर जोडत बसण्यापेक्षा योग्य टोकांची केबल घ्या.

घट्ट करताना फक्त नट फिरवा, केबल नाही. बोटांनी आवळलं की पुरे. पक्कड लांबच ठेवा.

टीव्हीची केबल 75 ओहमची, इथे 50 ओहमची लागते. पण 50 ओहमची असली तरी आरजी-58 ही बारीक केबल लांबवर ओढू नका: 2.4 गिगाहर्ट्झला (वायफायची लहर) मीटरमागे साधारण 1 डीबी (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं माप) जातो, म्हणजे 10 मीटरनंतर दहावा हिस्साच उरतो. एलएमआर-400 या जाड केबलमध्ये तेवढ्याच अंतरात सव्वादोन डीबीच्या आसपास जातात. त्याहून बरं म्हणजे राउटरच बंद पेटीत गच्चीवर न्यावा आणि खाली लॅनची केबल सोडावी.

राउटरच्या आतला चिमुकला यू.एफएल कनेक्टर 30 वेळा काढण्या-घालण्यापुरताच बनवलेला असतो. तो सरळ वर उचला, तारेला धरून ओढू नका.

कोकणातल्या पावसात नुसती काळी इन्सुलेशन टेप टिकत नाही. आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून, खालून वर, अर्धी-अर्धी चढवत गुंडाळा. उन्हापासून बचावासाठी वरून पीव्हीसी टेप. कनेक्टरखाली केबलला झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. केबलच्या आतल्या तारांच्या जाळीत पाणी शिरून ती हिरवी पडली असेल, तर ती केबल वाळवत बसू नका, बदलाच.