मातीच्या बांधकामाच्या कार्यशाळेला आपली माती घेऊन जा

कार्यशाळेत उत्तम जमलेलं मिश्रण घरी करायला जावं तर भिंतीला भेगा पडतात, कारण तिथली माती वेगळी, आपली वेगळी. वहीत उतरवलेलं प्रमाण मग फारसं कामी येत नाही.

१. मुळं-पालापाचोळ्याचा वरचा थर काढून साधारण ३० सेंटिमीटर खालची माती घ्या. एक बादली पुरे.

२. निघण्याच्या दोन दिवस आधी काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा नि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, त्यावर गाळ, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, सावकाश. २४ तासांनी थरांचा फोटो काढून शिकवणाऱ्यांना दाखवा. नुसत्या तोंडी वर्णनापेक्षा यावरून त्यांना फार नेमकं सांगता येतं.

३. तिथे वेळ मिळेल तेव्हा छोट्या विटा पाडा: नुसती माती, एकास एक वाळू, एकास दोन वाळू. ओल्या असतानाच काडीने प्रमाण कोरा. हे विसरू नका; वाळल्यावर कुठली कोणती ते कळत नाही.

विटा सावलीत पूर्ण वाळू द्या. तडकली तिच्यात चिकणमाती जास्त, बोटाने घासताच भुगा झाला तिच्यात वाळू जास्त. जी टणक राहिली, ते आपलं प्रमाण.

माती खुशाल उघड्या हातांनी मळा, पण चुना नाही. त्याने कातडी भाजते. रबरी हातमोजे आणि गॉगल हवाच. डोळ्यात उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टरांकडे जा.