संपाच्या दिवसांत लिस्बनची सहल कशी आखावी

गोव्यातल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी लिस्बनला असते, त्यामुळे ते शहर आपल्याला फारसे परके वाटत नाही. तरीही मेट्रोच्या जिन्यापाशी लोखंडी जाळी ओढलेली आणि तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर ‘ग्रेव्ह’ हा एकच मोठा शब्द पाहिला की माणूस गोंधळतो. हातात बॅगा असतात आणि विमानाला तीन तास उरलेले असतात. ‘ग्रेव्ह’ म्हणजे संप. हा शब्द आधीच ओळखीचा करून घ्यावा.

आखणी परतीच्या दिवसापासून मागे करत यावे. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला उशीर केवळ पैशांत भोवत नाही, तर व्हिसातही भोवतो. पोर्तुगालसह युरोपातल्या अनेक देशांसाठी एकच असलेल्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. अर्ज करताना परतीनंतरचे दोन दिवस मुक्कामात धरावेत आणि किमान ३०,००० युरोंचा बंधनकारक विमाही त्या दिवसांपर्यंत घ्यावा. विमान खरोखरच रद्द होऊन व्हिसाची मुदत संपत आली, तर अनिवार्य कारणासाठी ती तिथेच विनाशुल्क वाढवून मिळण्याची तरतूद शेंगेन नियमांत आहे. मात्र मुदत संपण्यापूर्वी विमान कंपनीचे लेखी पत्र घेऊन तिथल्या अधिकाऱ्यांकडे जावे लागते.

त्यानंतर संपाचा अंदाज घ्यावा. पोर्तुगालमध्ये वाहतुकीसारख्या अत्यावश्यक सेवेत संप करायचा झाल्यास १० कामकाजाच्या दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. म्हणजे निघण्यापूर्वी दोन आठवड्यांपासून बातम्या रोज पाहणाऱ्याला संप सहसा अचानक गाठत नाही. बातमीत ‘सेर्व्हिसुश मिनिमुश’ हे शब्द शोधावेत. संपातही चालू ठेवायच्या किमान फेऱ्या, असा त्यांचा अर्थ आहे. त्या ठरलेल्या नसतील तर गाडी येणारच नाही, असे धरून चालावे.

सर्वांत जास्त विचार मुक्कामाच्या जागेचा करावा. स्वस्त मिळते म्हणून दूरच्या उपनगरात खोली घेणे मला चुकीचे वाटते, कारण संपाच्या एकाच दिवसात ती बचत टॅक्सीत जाते. रोसियू किंवा बायशा भागात राहिल्यास नदीकाठचा प्रासा दु कोमेर्सियू चौक चालत दहा-पंधरा मिनिटांवर येतो. हा भाग सपाट आहे. आल्फामा या जुन्या वस्तीचे चढ मात्र वयस्क मंडळींना दमवतात. लिस्बनमध्ये मेट्रो वेगळ्या संस्थेची, बस आणि ट्राम ‘कारिश’ची, तर रेल्वे तिसऱ्याच कंपनीची आहे. म्हणून मेट्रो बंद असली तरी ट्राम चालू असू शकते. त्या दिवशी बसला गर्दी उसळते आणि बसमध्ये मोठ्या सामानावर मर्यादा आहे, त्यामुळे विमानतळासाठी टॅक्सी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावी. विमानतळ शहरातच असल्याने हा खर्च आवाक्यात राहतो. लिस्बनजवळच्या सिंत्रा गावाची सहल रेल्वेवर अवलंबून असते. तिला ठरावीक वार न देता दोन पर्यायी दिवस मोकळे ठेवावेत.

विमानच रद्द झाले, तर युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला संघाचा २६१/२००४ हा नियम लागू होतो. परतावा घ्यावा की पर्यायी विमान, ही निवड प्रवाशाची असते, आणि ताटकळताना जेवण व गरज पडल्यास हॉटेल देणे कंपनीवर बंधनकारक असते. कंपनीच्याच कर्मचाऱ्यांचा संप असेल तर वेगळी भरपाईही मागता येते. हवाई वाहतूक नियंत्रकांच्या संपात ती मिळत नाही. भारतातून तिकडे जाणाऱ्या विमानाला मात्र हा नियम कंपनी युरोपीय संघातली असेल तरच लागू होतो.

शेवटी आपल्याकडचा टप्पा पाहावा. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आल्याने कोकण रेल्वे ठप्प झाली होती. मुंबईहून विमान धरणाऱ्याने पावसाळ्यात आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. मोपा किंवा दाबोळीहून निघणार असाल, तर शेवटपर्यंतचा प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा, म्हणजे पुढचे विमान चुकल्यास दुसरी सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते.