गच्चीवर हेलिकॉप्टर आलं तर या चुका टाळा

पुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की सगळ्यांचा जीव नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांत अडकतो. बोट येत असेल तर गुमान बोटीत बसा. हेलिकॉप्टर हा शेवटचा मार्ग. पण तेच आलं, तर निम्मा घोटाळा ते पोहोचायच्या आधीच झालेला असतो.

ताडपत्री, सुटे पत्रे, प्लास्टिकच्या खुर्च्या, जनावरांसाठी वर चढवलेला कडबा, सगळं गच्चीवर तसंच पडलेलं. हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरचं उड्डाणाचं कमाल वजन १३ टन. एवढं धूड हवेत एका जागी तोलायचं तर पंखा तेवढ्याच जोरानं हवा खाली लोटणार. पत्रा उडाला तर माणूस कापला जाईल. ताडपत्री पंख्यात गेली तर हेलिकॉप्टरच धोक्यात. १९८० साली इराणच्या वाळवंटात ओलिसांना सोडवायला गेलेल्या अमेरिकी पथकाची मोहीम रद्द झाली. परत निघताना पंख्यांनी उडवलेल्या धुळीत एक हेलिकॉप्टर सी-१३० विमानावर आदळलं आणि आठ जण गेले. ते तर सगळे सरावलेले होते! तेव्हा सुटं सामान आधी खोलीत टाका, नाहीतर दोरीनं घट्ट बांधा.

मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, तिरके पसरून धरा. एक हात वर आणि एक खाली, याचा अर्थ 'मदत नको' असा होतो.

गच्चीत ते उतरेल असं धरून चालू नका. बहुतेक वेळा वरूनच तार सोडतात. तिचा आकडा अधांतरी असताना झेलायला धावू नका. पंख्यांमुळं साठलेल्या विजेचा झटका बसतो. आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या. आणि तार टाकीला, कठड्याला कशालाही बांधायची नाही. अडकली तर वैमानिकाला ती तोडावी लागते.

तारेला लावलेला पट्टा काखेखालून घेतला की हात खालीच ठेवा. भीतीनं हात वर गेले की माणूस त्यातून निसटतो. लेकरू जवानाकडं द्या, कडेवर घेऊन लटकू नका.

मैदानात उतरलं, तर खुणावल्याशिवाय हलू नका. मग पुढूनच, वाकून जा. शेपटीकडचा पंखा फिरताना दिसतच नाही. रात्री वैमानिकाच्या तोंडावर बॅटरी मारू नका, आणि ड्रोन तर काढूच नका.