कमेंटखाली ‘डीएम केलाय’ लिहू नका: गिऱ्हाईक तोडणाऱ्या चुका

सांगलीतल्या हळद-बेदाण्याच्या दुकानाच्या पोस्टखाली पुण्याहून कुणीतरी विचारतं, ‘‘काय भाव? कुरिअर करता का?’’ त्यावर दुकानाचं उत्तर असतं, ‘‘डीएम केलाय,’’ म्हणजे भाव खासगी मेसेजमध्ये पाठवलाय. सर्रास होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भाव उघड सांगितला नाही की ‘माणूस बघून सांगत असतील’ अशी शंका येते. तोच प्रश्न मनात असलेले बाकीचे लोकही न विचारताच पुढे जातात.

उत्तर तिथेच आणि पूर्ण द्या: ‘‘नमस्कार ताई. हिरवा बेदाणा, यंदाचा माल. अर्धा किलोचं पाकीट इतक्याला, पुण्याचं कुरिअर वेगळं इतकं. आज पैसे भरलेत तर गुरुवारपर्यंत पोचेल.’’ वजन, भाव, कुरिअरचा खर्च, दिवस. यातलं एक जरी राहिलं तरी गिऱ्हाइकाला पुन्हा विचारावं लागतं, आणि पुन्हा विचारायला फारसं कुणी येत नाही. भाव बदलला की जुन्या पोस्टखाली नवा भाव तारखेसकट टाका, नाहीतर मार्चचा भाव दाखवून दिवाळीत वाद होतो.

‘‘पेढ्यांना वास येतोय’’ अशी तक्रार आली की साताऱ्यातल्या पेढेवाल्याचा हात आधी डिलीटकडे जातो. स्क्रीनशॉट तोवर काढलेला असतो आणि तीच तक्रार गूगल रिव्ह्यूवर जाते, जिथे ती तुम्हाला पुसता येत नाही. कमेंटखाली दोन ओळी पुरेत: माफी, आणि ‘पाकिटाचा व पॅकिंगच्या तारखेचा फोटो मेसेजमध्ये पाठवा’. फोन नंबर किंवा पत्ता उघड्यावर मागू नका. पैसे परत दिले किंवा माल बदलून दिला की त्याच कमेंटखाली येऊन तसं लिहा. हे शेवटचं काम जवळजवळ सगळेच विसरतात, त्यामुळे वाचणाऱ्याला फक्त तक्रार दिसते, निवारण दिसत नाही. आणि पेढे किती दिवस टिकतील हे आधीच सांगा. सुट्या मिठाईवर ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणं ऑक्टोबर २०२० पासून दुकानात सक्तीचं आहे, मग तीच तारीख पोस्टमध्ये लिहायला काय हरकत?

इन्स्टाग्रामवर मेसेज येतच नाहीत असं वाटतंय? ‘रिक्वेस्ट’ उघडून बघा. तुम्ही ज्यांना फॉलो करत नाही त्यांचे मेसेज तिथे पडतात, काही त्याच्याही आत लपवलेल्या यादीत. सकाळ-संध्याकाळ दोन्ही तपासा.

व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा पाठवताना, एकच टिक दिसते, कारण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. एका यादीत २५६ जण बसतात, पण नंबर सेव्ह नसेल तर यादी कितीही लांबवून उपयोग नाही. पहिल्या ऑर्डरच्या वेळीच सांगा, ‘‘नंबर सेव्ह करा, नवा माल आला की कळवू.’’ न विचारता ग्रुपमध्ये घालणं मात्र साफ चूक. सगळ्यांचे नंबर एकमेकांना दिसतात. रोजच्या ‘शुभ सकाळ’ फोटोंनी लोक ब्लॉक करतात, हे वेगळं सांगायला नको.

व्हॉट्सॲपच्या बिझनेस ॲपमध्ये गिऱ्हाइकांच्या चॅटला लावता येणाऱ्या लेबलांचा वापर फार थोडे दुकानदार करतात. वर्षाची पाच किलो हळद नेणाऱ्या काकूंना ‘वर्षाची हळद’ असं लेबल लावून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात नवी हळद आली की त्या लेबलातल्या प्रत्येकाला नावानिशी मेसेज करा: ‘‘काकू, नवी राजापुरी आली, गेल्या वेळी पाच किलो नेली होती. तेवढीच ठेवू का?’’ शंभर जाहिरातींपेक्षा हा एक मेसेज जास्त माल विकतो.

अलीकडचा उपद्रव म्हणजे तुमचाच लोगो लावलेलं बनावट खातं. ते तुमच्या पोस्टखाली गिऱ्हाइकाला उत्तर देतं आणि क्यूआर पाठवून पैसे उकळतं. पैसे घेण्याचा एकच नंबर ठरवा, तो प्रोफाइलमध्ये आणि पिन केलेल्या पोस्टवर लिहा. खोटं उत्तर दिसताच आधी स्क्रीनशॉट काढा, मग रिपोर्ट करा, आणि त्या गिऱ्हाइकाला स्वतः मेसेज करून सावध करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायला सांगा.