कलादालनातून समकालीन दागिना निवडताना

समकालीन दागिन्यांच्या दालनात सोन्याचा भाव विचारून फारसे काही हाती लागत नाही, कारण तेथे किंमत मुख्यतः कलावंताच्या विचारावर आणि कारागिरीवर ठरते. स्विस दागिने-कलावंत ओटो क्युन्झली यांनी १९८० मध्ये घडवलेल्या बांगडीत सोन्याची गोळी काळ्या रबरात पूर्णपणे दडवलेली आहे. बाहेरून दिसतो तो केवळ फुगवटा, आणि आत सोने आहे यावर घालणाऱ्याला विश्वास ठेवावा लागतो. अशी वस्तू नुसती काचेआडून पारखता येत नाही, म्हणून ती हातात घेण्याची परवानगी अवश्य मागावी.

ब्रोच असेल तर तो आधी उलटा करून पाहावा. मागची पिन, तिची बिजागरी आणि टोक अडकवण्याची खाच नेटकी असेल, तर कलावंताने वापरणाऱ्याचाही विचार केला आहे असे खुशाल समजावे. मग तो कपड्यावर लावून, वजनामुळे पुढे झुकतो का, हे आरशात तपासावे. दालनातून दागिन्याऐवजी शिल्पवस्तू घ्यायची असेल, तर ती मात्र सर्व बाजूंनी, शक्यतो दिवसाच्या उजेडात पाहावी.

पैसे देण्यापूर्वी कलावंताचे नाव, निर्मितीचे वर्ष, साहित्य आणि एकापेक्षा अधिक प्रती असल्यास प्रतीचा क्रमांक नोंदवलेले प्रमाणपत्र मागावे. तसेच रबर, कागद किंवा रेझिन कालांतराने कसे बदलते आणि दुरुस्ती कोण करील, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.